हॉर्नचा सूर किती उतरला, यावरून गाडीचा वेग कसा काढावा

गाडी हॉर्न देत समोरून निघून गेली की सूर बदलतो, हे प्रत्येकाने ऐकलेले असते. कसा बदलतो असे विचारले, तर बहुतेक जण सांगतात की गाडी जवळ येताना सूर चढत जातो आणि लांब जाताना उतरत जातो. यातला पहिला भाग खरा नाही. एकसारख्या वेगाने येणाऱ्या गाडीचा सूर आधीपासूनच चढलेला असतो. लांबून तो जवळजवळ स्थिर ऐकू येतो, गाडी समोर यायच्या सुमारास उतरू लागतो आणि गाडी पुढे गेल्यावर खालच्या पातळीवर स्थिरावतो. वाढत जातो तो आवाजाचा मोठेपणा, आणि कान त्या वाढीलाच सूर चढल्याचे समजतो. जॉन न्यूहॉफ आणि मायकेल मॅकबेथ या अमेरिकी संशोधकांनी १९९६ मध्ये हा भ्रम प्रयोगांनी दाखवून दिला. त्यामुळे मोजायला बसण्याआधी 'सूर चढतोय' ही अपेक्षा बाजूला ठेवा, नाहीतर आलेखात नसलेला चढ शोधत बसाल.

पुढच्या जवळजवळ सगळ्या कृती एकाच गोष्टीवर उभ्या आहेत: वरचा स्थिर सूर आणि खालचा स्थिर सूर यांचे गुणोत्तर. हॉर्नचा मूळ सूर माहीत नसला तरी चालतो. गाडी किती अंतरावरून गेली, हेही माहीत असण्याची गरज नाही. गुणोत्तर आणि हवेचे तापमान एवढ्यावर वेग निघतो.

लहरींचे नेमके काय होते

समजा, हॉर्नची वारंवारता ४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४०० लहरी, आहे आणि हवेत ध्वनीचा वेग ३५० मीटर प्रति सेकंद आहे. गाडी उभी असेल तर एका दाबापासून पुढच्या दाबापर्यंतचे अंतर, म्हणजे तरंगलांबी, ३५० भागिले ४००, म्हणजे ८७.५ सेंटिमीटर. आता गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने चालली आहे. एक लहर सोडल्यापासून दुसरी सोडेपर्यंत सेकंदाचा चारशेवा भाग जातो आणि तेवढ्यात गाडी ५ सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणून पुढच्या बाजूला तरंगलांबी ८२.५ सेंटिमीटर होते आणि मागच्या बाजूला ९२.५. हवेतून लहरी त्याच वेगाने येतात, त्यामुळे पुढे उभ्या माणसाला सेकंदाला सुमारे ४२४ लहरी मिळतात आणि गाडी निघून गेल्यावर सुमारे ३७८.

गाडीच्या वेगामुळे ध्वनीचा वेग वाढतो, हा गैरसमज इथेच सोडून द्या. लहर एकदा हवेत सुटली की तिचा वेग हवा ठरवते. गाडी बदलते ते फक्त दोन लहरींमधले अंतर.

ख्रिस्तियान डॉप्लर यांनी ही कल्पना १८४२ मध्ये प्राग इथे मांडली, तीही ताऱ्यांच्या रंगांच्या संदर्भात. आवाजावर तिची पारख झाली १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये. डच हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलॉट यांनी उत्रेख्तजवळच्या रेल्वेमार्गावर गाडीत तुतारीवादक बसवले आणि रुळाकडेला तयार कानाचे संगीतकार उभे केले. सूर मोजायचे दुसरे साधन नव्हते, आणि त्या कानांनी काम चोख केले. आपणही आधी तेच साधन वापरू.

पेटी किंवा ट्यूनर घेऊन

ज्याला पेटीवर सूर लावता येतो, त्याला कुठल्याही यंत्राशिवाय वेग सांगता येतो. गाडी लांबून येत असताना हॉर्नचा सूर मनात धरा, ती निघून गेल्यावरचा सूर धरा आणि लगेच दोन्ही पेटीवर शोधा. दोहोंमध्ये किती पट्ट्यांचे अंतर आहे ते मोजा. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजायच्या, कारण शेजारच्या कोणत्याही दोन पट्ट्यांमध्ये अर्धा स्वर असतो. एका पट्टीला ताशी सुमारे ३६ किलोमीटर, हा हिशेब. सूर एक पट्टी उतरला, म्हणजे सा वरून खालच्या शुद्ध नी वर आला, तर वेग सुमारे ३६. दोन पट्ट्या, म्हणजे सा वरून कोमल नी, तर सुमारे ७२. तीन पट्ट्या उतरला तर १०८. आपल्याकडच्या उष्ण हवेत हा हिशेब ताशी दीडशे किलोमीटरपर्यंत सरळ रेषेत चालतो.

कान तयार नसेल तर फोनवरचा ट्यूनर वापरा. ट्यूनर सूर सेंटमध्ये दाखवतो आणि शंभर सेंट म्हणजे एक पट्टी. सूर जितके सेंट उतरला त्याला १० ने भागा, वेग थेट मीटर प्रति सेकंदात मिळतो. १८० सेंट उतरला तर सेकंदाला १८ मीटर, म्हणजे ताशी ६५ किलोमीटर. लक्षात ठेवायला इतके सोपे सूत्र या विषयात दुसरे नाही. अडचण एकच आहे: ट्यूनर एकट्या वाद्यासाठी बनवलेले असतात आणि रेल्वेच्या हॉर्नमध्ये एकाच वेळी दोन किंवा अधिक सूर असू शकतात. अशा वेळी काटा एका सुरावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. काटा स्थिर नसेल तर तो आकडा घेऊ नका, रेकॉर्डिंगकडे वळा.

रेकॉर्डिंग करताना

जागा आधी ठरवा. रेल्वेसाठी फाटकाबाहेरचा रस्ता, पादचारी पूल किंवा प्लॅटफॉर्मची रुळापासून लांबची बाजू योग्य. रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि प्रयोगासाठी त्याची काहीच गरज नाही. उलट, फार जवळ उभे राहिल्यास हॉर्न इतका मोठा येतो की रेकॉर्डिंग फाटते. रुळाकडेला पिवळ्या फलकावर 'सी/फा' किंवा 'डब्ल्यू/एल' लिहिलेले असते. तिथून फाटकासाठी शिट्टी द्यायची, असा तो चालकाला इशारा असतो. असा फलक दिसला तर त्या पट्ट्यात हॉर्न मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त.

स्वतःची गाडी वापरायची असेल तर मोकळे मैदान किंवा आवारातला बंद रस्ता निवडा. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचा शांतता पट्टा असतो, तिथे हॉर्न वाजवायचा नाही. खरे तर हॉर्नपेक्षा गाडीत ठेवलेला ब्लूटूथ स्पीकर उत्तम. त्यावर फोनमधून २००० हर्ट्झचा अखंड सूर सोडा. सूर तयार करण्यासाठी 'फायफॉक्स' हे मोफत ॲप पुरते. ते जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने बनवले आहे आणि त्यात सूर निर्माण करण्याची सोय आहे. स्पीकर श्रोत्याच्या बाजूच्या खिडकीशी, काच खाली करून, पट्ट्याने घट्ट बांधा. पुढच्या काचेकडे तोंड करून ठेवला तर गाडी पुढे गेल्यावर आवाज इतका पडतो की खालचा सूर आलेखात सापडत नाही.

किती लांबून सूर सुरू असावा, हे तुम्ही वाटेपासून किती अंतरावर उभे आहात त्यावर ठरते. गाडी तुमच्याकडे सरळ येत नाही, बाजूने जाते. त्यामुळे तिच्या वेगाचा जो भाग तुमच्या दिशेने असतो, तेवढाच सुरात दिसतो. वाटेपासूनच्या अंतराच्या पाचपट लांब असताना मोजले तर खऱ्या वेगाच्या ९८ टक्के दिसतो, तिप्पट अंतरावर ९५ टक्के आणि अंतराइतक्याच लांबीवर जेमतेम ७१ टक्के. म्हणून गाडीसाठी रस्त्यापासून ४ मीटरवर उभे राहा आणि सूर दोन्ही बाजूंना किमान ४० मीटर चालू राहील असे पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाला एवढे अंतर कापायला सात-आठ सेकंद लागतात. रेल्वेपासून १५ मीटरवर असाल तर इंजिन ७५ मीटरच्या पलीकडे असतानाचा हॉर्न मोजायला घ्या. बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये वेग कमी निघतो तो याच कारणाने: समोर येऊन गेल्यानंतर पुरेसा वेळ हॉर्न नसतो आणि लोक उताराच्या मधलाच तुकडा 'नंतरचा सूर' म्हणून घेतात.

(हाच कोन सोनोग्राफीतल्या डॉप्लर तपासणीतही आडवा येतो. यंत्राचे टोक आणि रक्तवाहिनी यांच्यातला कोन ६० अंशांपेक्षा मोठा झाला की रक्ताच्या वेगाचा आकडा भरवशाचा राहत नाही. तिथे यंत्रातून ऐकू येणारा 'सूं-सूं' आवाज रक्ताचा नसतो. सोडलेल्या आणि परतलेल्या लहरींच्या वारंवारतेतला फरक ऐकू येण्याजोग्या पट्ट्यात पडतो, तोच स्पीकरवर सोडलेला असतो.)

फोनच्या बाबतीत काही गोष्टी पाळा. रेकॉर्डिंग 'वेव्ह' प्रकारात, ४४,१०० नमुने प्रति सेकंद दराने करा. आवाज साफ करणारी आणि पातळी आपोआप सांभाळणारी सोय बंद ठेवा. फोन अखंड सुराला गोंगाट समजून पुसून टाकतो, असे अनेकदा होते. व्हॉट्सॲपवरची व्हॉइस नोट या कामाला वापरू नका, ती बोलण्यासाठी आवळलेली असते. मायक्रोफोनवर पातळ स्पंजचा तुकडा रबराने बांधला की वाऱ्याची घरघर बरीच कमी होते. तापमान त्याच वेळी लिहून ठेवा.

सूर वाचणे

संगणकावर 'ऑडॅसिटी' हा मोफत प्रोग्राम घ्या. फाइल उघडल्यावर ट्रॅकच्या मेनूतून 'स्पेक्ट्रोग्राम' निवडा. आडवा अक्ष वेळेचा, उभा वारंवारतेचा, आणि जिथे आवाज आहे तिथे उजळ रेषा. हॉर्नच्या एकावर एक अशा अनेक रेषा दिसतील: मूळ सूर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारता. या सगळ्या रेषा एकाच वेळी पायरीसारख्या खाली उतरताना दिसल्या पाहिजेत. जी रेषा हलतच नाही, ती गाडीची नाही. ती ट्रान्सफॉर्मरची गुणगुण, पंखा किंवा रातकिडे यांची असेल.

आता उतरण्याआधीचा सपाट तुकडा निवडा, अर्धा सेकंद तरी. 'ॲनलाइझ' मेनूत 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडा, आकार ८१९२ आणि विंडो 'हान' ठेवा. टोकावर माउस नेला की खाली त्याची वारंवारता दिसते. ती लिहून घ्या. उतरल्यानंतरच्या सपाट तुकड्यासाठी हेच करा, पण तीच रेषा घ्या. आधीची चौथी रेषा आणि नंतरची पाचवी असा घोटाळा सहज होतो. तपासायला दोन वेगळ्या रेषांची गुणोत्तरे काढा, ती जुळलीच पाहिजेत. हॉर्न वाजू लागल्याचा पहिला क्षण आणि थांबतानाचा शेवटचा क्षण टाळा. हवेच्या दाबावर चालणाऱ्या हॉर्नचा सूर तिथे स्वतःहून सरकतो.

विंडो म्हणजे प्रोग्राम एका वेळी तपासतो तो नमुन्यांचा तुकडा. तिच्या आकाराबद्दल थोडे समजून घेणे गरजेचे आहे, कारण निम्म्या चुका तिथे होतात. ८१९२ नमुन्यांची विंडो सुमारे ०.१९ सेकंदाची असते आणि वारंवारता ५.४ हर्ट्झच्या खणांमध्ये वाचते. २०४८ ची विंडो वेळ चांगली पकडते, पण तिचे खण २१.५ हर्ट्झचे असतात. १६३८४ ला २.७ हर्ट्झचे खण मिळतात, मात्र ०.३७ सेकंदभर सूर स्थिर हवा. सपाट भागासाठी मोठी विंडो, उताराच्या भागासाठी लहान, असे वापरा.

आणि शक्य तितकी वरची स्पष्ट रेषा घ्या. मूळ सूर ४१२ हर्ट्झचा असेल तर त्याची पाचवी रेषा २०६० च्या आसपास असते. गाडीमुळे होणारा बदल तिच्यात हर्ट्झमध्ये पाचपट दिसतो, वाचण्यातली चूक मात्र तेवढीच राहते. म्हणजे फुकटात पाचपट अचूकता.

हिशेब

ध्वनीचा वेग आधी काढा: ३३१.३ मध्ये सेल्सिअस तापमानाची ०.६०६ पट मिळवा. ३० अंशांना तो ३४९.५ मीटर प्रति सेकंद येतो. मग:

गाडीचा वेग = ध्वनीचा वेग × (आधीची वारंवारता − नंतरची वारंवारता) ÷ (आधीची + नंतरची)

समजा, पाचव्या रेषेवर आधी २१९० आणि नंतर १९४५ हर्ट्झ मिळाले. वजाबाकी २४५, बेरीज ४१३५, भागाकार ०.०५९२५. त्याला ३४९.५ ने गुणले की २०.७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७४.५ किलोमीटर.

एक वारंवारता ५ हर्ट्झने चुकीची वाचली असती तर वेगात सुमारे ताशी दीड किलोमीटरची चूक आली असती. हेच काम मूळ रेषेवर, म्हणजे ४३८ आणि ३८९ वर केले असते, तर त्याच ५ हर्ट्झने साडेसात किलोमीटरचा फरक पडला असता.

तापमान सोडून देऊ नका. पाठ्यपुस्तकातला ३४३ हा आकडा २० अंशांचा आहे. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी ४४ अंशांना ध्वनीचा वेग ३५८ असतो, आणि ३४३ धरला तर गाडीचा वेग चार टक्क्यांहून जास्त कमी येतो. थंडीतल्या पहाटे १० अंशांना तो ३३७ वर येतो आणि चूक उलट्या बाजूला होते.

वाऱ्याची भीती मात्र विनाकारण बाळगली जाते. एकसारखा वारा उभ्या हॉर्नचा सूर बदलत नाही. हॉर्न आणि श्रोता दोघे उभे असतील तर जितक्या लहरी निघाल्या तितक्याच पोहोचतात, वारा कितीही असो. गाडी चालत असताना वाऱ्याने ध्वनीचा परिणामी वेग एका बाजूला वाढतो आणि दुसऱ्या बाजूला घटतो. आधी-नंतरच्या सूत्रात तो परिणाम बराचसा कटतो. वारा नुकसान करतो ते मायक्रोफोनवर आदळून.

आकडा जुळला नाही तर काय पाहावे

रुग्णवाहिकेचा सायरन घेतला असेल तर तो स्वतःच सतत वर-खाली होतो. सरसकट मोजून काही मिळणार नाही. प्रत्येक हेलकाव्याचे सर्वांत वरचे टोक तेवढे घ्या, आधीचे आणि नंतरचे, आणि त्यांचे गुणोत्तर काढा. चालकाने दोन्हींच्या मध्ये सायरनचा प्रकार बदलला असेल तर ते रेकॉर्डिंग सोडून द्या.

दोन्ही बाजूंच्या रेषा सपाट नसून तिरक्या असतील, तर गाडीचा वेग बदलतो आहे. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची आधीची रेषा हळूहळू खाली येते. अशा वेळी मिळणारा वेग हा दोन क्षणांच्या मधला काहीतरी असतो, फक्त अंदाजासाठी वापरा.

एकाच वेळी वरची आणि खालची अशा दोन्ही रेषा दिसल्या तर समोर भिंत, डोंगरकडा किंवा पूल आहे. तिथून परतलेला आवाज गाडीच्या पुढच्या बाजूचा असतो, म्हणून गाडी निघून गेल्यावरही चढा सूर ऐकू येत राहतो. घाटात हे हमखास होते. उजळ रेषा थेट आवाजाची आणि फिकी प्रतिध्वनीची, असे सहसा असते. तरी खात्रीसाठी मोकळ्या जागेत पुन्हा मोजा.

स्वतःच्या गाडीच्या स्पीडोमीटरशी तुलना केली आणि ध्वनीवरून आलेला वेग थोडा कमी निघाला, तर लगेच प्रयोगाला दोष देऊ नका. स्पीडोमीटर सहसा खऱ्यापेक्षा जरा जास्त वेग दाखवतात. तुलना जीपीएसच्या वेगाशी करा.

उतार किती तीव्र, यावरून अंतर

गुणोत्तरातून वेग मिळतो, पण गाडी किती जवळून गेली ते मिळत नाही. ते लपलेले असते उताराच्या तीव्रतेत. जवळून गेलेल्या गाडीचा सूर झटकन कोसळतो, लांबून गेलेल्या गाडीचा सावकाश ओघळतो, आणि एकूण उतरतो मात्र सारखाच.

उताराच्या मध्यावर, जिथे रेषा मूळ वारंवारतेतून जाते, तिथे एका सेकंदाला किती हर्ट्झ घट होते ते मोजा. मूळ वारंवारता काढायला आधीच्या आणि नंतरच्या वारंवारतांचा गुणाकार करा, त्याची दुप्पट करा आणि दोन्हींच्या बेरजेने भागा. वरच्या उदाहरणात ती २०६० येते. दोन्हींची सरळ सरासरी काढाल तर २०६७.५ मिळेल, ते चूक आहे. मग:

अंतर = मूळ वारंवारता × वेगाचा वर्ग ÷ (ध्वनीचा वेग × दर सेकंदाची घट)

घट सेकंदाला २१० हर्ट्झ मिळाली तर अंतर सुमारे १२ मीटर. तीच गाडी ५० मीटरवरून गेली असती तर घट जेमतेम ५० हर्ट्झ असती. इथे ४०९६ ची विंडो घ्या आणि मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंचा मिळून ०.२ ते ०.३ सेकंदाचाच तुकडा मोजा. त्यापुढे रेषा वळू लागते. हे अंतर पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत चुकू शकते, कारण त्यात वेगाचा वर्ग आहे.

गच्चीवरचा प्रयोग: फिरणारा बझर

गाडी नको असेल तर ३ ते २४ व्होल्टवर चालणारा ॲक्टिव्ह पिएझो बझर (बॅटरी जोडताच स्वतःहून एकच सूर देणारा), ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप एवढे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणा. बझर बॅटरीला जोडा, दोन्ही स्पंजच्या चेंडूला काप देऊन आत बसवा, बझरचे भोक उघडे ठेवा आणि वरून चिकटपट्टी गुंडाळा. चेंडू जाड मोज्यात घालून मोज्याला ४ मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी बांधा. हातापासून चेंडूपर्यंत बरोबर १ मीटर ठेवा. ८० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला दोन फेऱ्यांनी फिरवला की दोरीवर सुमारे सव्वा किलो वजनाइतका ताण येतो. म्हणून आधी दोरीला पाच किलोचे वजन टांगून गाठ तपासा. श्रोता आणि फोन ६ मीटर लांब, चेंडूच्या फिरण्याच्या पातळीतच. वर्तुळाच्या पातळीत लहान मुले नकोत.

सेकंदाला दोन फेऱ्यांना चेंडूचा वेग १२.६ मीटर प्रति सेकंद होतो. बझर ३००० हर्ट्झचा असेल तर आलेखात रेषा सुमारे २८९६ आणि ३११२ यांच्यामध्ये नागमोडी झुलताना दिसते. सर्वांत वरचे आणि खालचे टोक वरच्याच सूत्रात घाला. फेरीचा वेळ त्याच आलेखातून वाचा, परिघाला (६.२८ मीटर) त्याने भागा आणि दोन्ही वेग ताडून पाहा. पाच टक्क्यांच्या आत जुळले तर तुमची सगळी पद्धत बरोबर आहे, असे समजून रेल्वेकडे जा.

फिरवणाऱ्याला मात्र सूर बदललेला ऐकू येत नाही, कारण त्याच्यापासून चेंडूचे अंतर बदलतच नाही. चेंडूचा वेग कितीही असो, जवळ येणे किंवा लांब जाणे नसेल तर सूर हलत नाही. शाळेत हा प्रयोग करताना फिरवणाऱ्याला आणि श्रोत्यांना एकाच वेळी विचारा, मुलांच्या लक्षात कायमचे राहते. बॅटरी उतरली की बझरचा सूर बदलतो, म्हणून उभ्या बझरचा सूर प्रयोगाआधी आणि नंतर दोन्हीदा नोंदवा.

चालण्याचा वेगही ऐकू येतो

दोन फोनवर ३००० हर्ट्झचा सूर सोडा. एक स्टुलावर ठेवा, दुसरा हातात धरून त्याच्या शेजारून ऐकणाऱ्याच्या दिशेने चालत जा. दोन किंचित वेगळे सूर मिसळल्यामुळे आवाज एकसारखा कमी-जास्त होत थरथरू लागतो. तानपुऱ्याच्या दोन तारा जरा बेसूर असल्या की ऐकू येतात, तेच हे बीट्स. सेकंदाला १ मीटर वेगाने चालल्यास सेकंदाला साडेआठ बीट्स पडतात, अर्धा मीटर वेगाला चारच्या वर. थांबलात की थरथर थांबते. इतका लहान बदल सुरात ओळखू येत नाही, पण बीट्समध्ये मोजता येतो. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या लहरी आणखी बीट्स पाडतात, म्हणून हे मैदानात करा.

ऐकणारा चालत असेल तर

हॉर्न उभा आणि तुम्ही गाडीत, तर हवेतली तरंगलांबी बदलत नाही. तुम्ही लहरींना सामोरे जाता, म्हणून त्या जास्त भेटतात. गंमत म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या सुरांचे गुणोत्तर दोन्ही प्रकारांत हुबेहूब सारखे येते, त्यामुळे वेगाचे वरचे सूत्र जसेच्या तसे चालते. कोण हलत होते हे गुणोत्तरावरून कळत नाही. ते कळते मूळ वारंवारता माहीत असेल तरच. २००० हर्ट्झचा स्पीकर ताशी ७२ किलोमीटरने गेला तर आधी २१२१ आणि नंतर १८९२ हर्ट्झ मिळतात, सरासरी २००६.५. स्पीकर रस्त्याकडेला ठेवून तुम्ही त्याच वेगाने गेलात तर २११४ आणि १८८६ मिळतात, सरासरी बरोबर २०००.

हा साडेसहा हर्ट्झचा फरक पकडायचा असेल तर १६३८४ ची विंडो लागते आणि दोन्ही सपाट तुकडे किमान एक सेकंदाचे हवेत. म्हणजे स्पीकर दोन्ही बाजूंना शंभर मीटरपर्यंत स्पष्ट ऐकू आला पाहिजे. गाडीच्या काचा बोटभर उघड्या ठेवा, फोन मागच्या सीटवर स्पंजमध्ये गुंडाळून ठेवा, आणि शंभर मीटर आधीपासून वेग अजिबात बदलू नका. दोन्ही फेऱ्यांना स्पीकर आणि सूर सोडणारा फोन तेच असू द्या.